पहिली पंगत की दुसरी? मुंबई-गोवा क्रूझवरचं खाणं, नाचगाणी आणि कपडे

सुरुवात कपड्यांपासूनच करते कारण आमच्याकडे भांडण तिथूनच सुरू झालं. तीन रात्रींची क्रूझ, मुंबई-गोवा-मुंबई, तिकिटं काढून झाली आणि नणंदेने घरच्या ग्रुपवर टाकलं की एका रात्री फॉर्मल नाइट असते, बायकांनी गाऊन घालायचा असतो. आता मुलुंडमध्ये गाऊन म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको, सकाळी दूधवाल्याला दार उघडताना जो अंगावर असतो तो. सासूबाईंनी मेसेज वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "गाऊनवर जेवायला जायचं? चारचौघात?" त्यावर माझी लेक पंधरा मिनिटं हसत होती आणि तिथून पुढे तीन दिवस घरात फक्त बॅगा.

तर आधी हेच सांगून टाकते. मुंबईहून सुटणाऱ्या छोट्या क्रूझवर तुम्हाला गाऊन, सूट, टाय यातलं काहीही लागत नाही. लोक लग्नाच्या रिसेप्शनला जातात तसे तयार होतात, त्यातही निम्मे, बाकीचे निम्मे जीन्स टीशर्टमध्ये. मी एक पैठणी नेली होती ती नेसले, वेटरपासून शेजारच्या टेबलावरच्या राजकोटच्या काकूंपर्यंत सगळ्यांनी कौतुक केलं, पण खरं सांगू का, जहाजावर पदर सांभाळत जिना चढणं म्हणजे गाडीला लटकून जाण्यासारखंच आहे, आणि डेकवर गेलात तर वारा असा की पदर तुमचा राहतच नाही. पंजाबी ड्रेस किंवा कॉटनचा कुर्ता बेस्ट. पुरुषांना एक फुलपँट आणि एक कॉलरचा शर्ट, संपला विषय. बर्म्युडा आणि बाथरूम स्लिपरवर मोठ्या डायनिंग हॉलमध्ये रात्री घेत नाहीत, आमच्यासमोर एका ग्रुपला दारातून परत पाठवलं, ते बिचारे बफेला गेले, तिथे कोणी काही बोलत नाही. पोहायच्या ओल्या कपड्यांवर मात्र बफेलाही नाही, वर काहीतरी घाला.

परदेशी बोटींचं वेगळं असतं, ते यात मिसळू नका, नणंदेचा सगळा घोळ तिथेच झाला. तिची मैत्रीण इंग्लंडला असते, ती साउथहॅम्पटनहून क्वीन मेरी २ वर गेली होती. त्या क्यूनार्ड कंपनीत अजून जुनी शिस्त आहे, संध्याकाळी सहा वाजल्यानंतर नीटनेटकं तयार होऊनच मुख्य हॉलमध्ये वावरायचं, आणि गाला इव्हनिंग असली की पुरुषांना गडद सूट आणि बो किंवा टाय, बायकांना पार्टीचा झगा किंवा तसलंच काही झकपक. ज्याला ते नको त्याने बफेला बसावं, सक्ती म्हणून जहाजातून उतरवत नाहीत कोणाला. उलट नॉर्वेजियन नावाची कंपनी आहे तिने २००० साली फ्रीस्टाइल म्हणून प्रकार काढला, ठरलेली पंगत नाही, ठरलेले कपडे नाहीत, मनाला येईल तेव्हा या आणि जेवा. म्हणजे तुमची बोट कोणती आहे ते बघून बॅग भरा. नणंदेने क्वीन मेरीची बॅग भरली आणि आली ती गोव्याच्या बोटीवर, त्यामुळे तिचा तो निळा झगा तीन दिवस कपाटात लटकत होता. बरं लटकवायलाही जागा कमी, केबिनचं कपाट आपल्या शू रॅकपेक्षा थोडंच मोठं. एक सांगते, केबिनच्या भिंती लोखंडी पत्र्याच्या असतात त्यामुळे फ्रीजला लावतो तसले मॅग्नेटचे हुक नेलेत तर टोप्या, पिशव्या, ओले कपडे सगळं भिंतीला टांगता येतं. इस्त्री नेऊ नका, आगीची भीती म्हणून काढून घेतात, एक्स्टेन्शन बोर्डही काढून घेतात, आमचा घेतला, उतरताना परत दिला.

बोटीत चढायचं बॅलार्ड पियरला. सीएसएमटीला उतरून टॅक्सी केली की पाच-दहा मिनिटं. टॅक्सीवाल्याला क्रूझ टर्मिनल म्हटलं की कळतं आता. आमची वेळ दुपारी दोनची होती, आम्ही साडेबाराला पोचलो कारण सासूबाईंचा हिशोब अजून भाऊच्या धक्क्याचा आहे. त्या मूळच्या मालवणच्या, लहानपणी कोकणबोटीने मुंबईला आलेल्या, आणि या अख्ख्या प्रवासात त्यांनी प्रत्येक गोष्ट त्या बोटीशी ताडून बघितली. तेव्हा डेकवर चटई टाकून जागा धरायची, ज्याला बोट लागली तो जागच्या जागी ओकायचा, आणि बंदरात उतरायचं म्हणजे बोट लांब समुद्रात उभी राहणार, छोट्या पडावात उतरायचं आणि लाटेबरोबर पडाव वर आला की खलाशी हात धरून ओढणार. इथे एसी हॉल, खुर्च्या, विमानतळासारखं काउंटर, हातात कार्ड. तेच कार्ड खोलीची किल्ली, तेच ओळखपत्र, आणि जहाजावर तेच पाकीट, रोख पैसे कुठेही चालत नाहीत. हे कार्ड फार डेंजर आहे, त्यावर पुढे येते.

सामान एक्स-रेमधून जातं. दारू नेऊ देत नाहीत हे सगळ्यांना माहीत असतं, पण घरचं खाणंही आत नेऊ देत नाहीत हे आम्हाला माहीत नव्हतं, सीलबंद पाकीट चालतं. सासूबाईंनी डब्यात दाण्याचे लाडू आणले होते, उपासाचे, कारण पहिल्याच रात्री संकष्टी आली होती. तो सिक्युरिटीवाला पोरगा बिचारा नम्रपणे नाही म्हणाला. मग काय, या बाईंनी डबा उघडला, स्वतः दोन खाल्ले, आम्हाला एकेक दिला, मागच्या रांगेतल्या दोन पोरांना दिले आणि शेवटचा त्या सिक्युरिटीवाल्यालाच दिला. त्याने ड्युटीवर खात नाही म्हणून खिशात ठेवला. रिकामा डबा मात्र आत गेला.

आता जेवण. लोक क्रूझवर जातात ते समुद्र बघायला असं सांगतात पण जातात खायलाच, त्यामुळे यावर जास्त लिहिते.

दोन प्रकार असतात. एक बफे, वरच्या डेकवर, सकाळपासून रात्रीपर्यंत थोड्या थोड्या वेळाने उघडा, काय हवं ते उचला. दुसरा मोठा डायनिंग हॉल, तिथे टेबलावर पांढरा कपडा, मेन्यू कार्ड, वेटर येऊन विचारणार, सूप मग स्टार्टर मग मेन मग गोड. दोन्ही तिकिटात धरलेलं आहे. हे अर्ध्या लोकांना माहीतच नव्हतं! आमच्या लिफ्टमध्ये एक कुटुंब भेटलं, ते तीन दिवस बफेलाच रांगा लावत होते, त्यांना वाटलं पांढऱ्या टेबलक्लॉथच्या जागी जेवलं की बिल येणार. नाही येत. आणि तिथे एकच डिश घ्यायची असंही नाही, दोन स्टार्टर, दोन मेन मागवले तरी तेच. माझ्या लेकीने पहिल्या रात्री तीन गोड मागवले, वेटर दादा न लाजवता घेऊन आला. पैसे लागतात ते वेगळ्या स्पेशल रेस्टॉरंटला, त्याच्या दारावर आणि मेन्यूवर तसं लिहिलेलं असतं. आम्ही गेलो नाही, नवऱ्याने मेन्यूवरचे आकडे वाचले आणि त्याला एकदम भूकच नाही असं आठवलं.

डायनिंग हॉलला दोन पंगती असतात. पहिली सव्वासातची, दुसरी साडेनऊची, आमच्या बोटीवर तरी. चढल्या चढल्याच निवडून घ्यायची. सगळी गुजराती आणि लहान मुलंवाली कुटुंबं पहिलीला जातात, त्यामुळे पहिलीला गडबड, आणि पुढच्या पंगतीसाठी टेबलं लावायची असतात म्हणून नऊच्या आसपास वेटर हळूच पाण्याचे ग्लास उचलायला लागतात, अगदी कार्यालयात होतं तसं, मागे पुढची माणसं खुर्ची धरून उभी नाहीत एवढाच फरक. दुसरी निवांत. भाऊजी म्हणत होते पहिली घेऊया, त्यांना आठला जेवायची सवय. पण संकष्टी! चंद्रोदय नऊनंतरचा, त्याआधी सासूबाई जेवणार नाहीत, म्हणून दुसरी घेतली आणि पुढे तिन्ही रात्री तीच ठेवली. नंतर कळलं की तेच बरं झालं कारण शो दोन वेळा असतात, आठला आणि दहानंतर, दुसरी पंगत घेतलीत की आठचा शो बघून जेवायला जाता येतं. पहिली घेतलीत तर पोटभर जेवून अंधाऱ्या एसी थिएटरात बसायचं, म्हणजे काय होतं ते आमच्या शेजारच्या केबिनवाल्या काकांना विचारा, त्यांनी तिन्ही शो झोपून बघितले.

चव कशी? खरं सांगते, ठीक ते चांगली. पंजाबी ग्रेव्ह्या सगळ्या एकाच आईच्या लेकरांसारख्या. डाळ चांगली. जैन काउंटर वेगळा आणि त्यावरची भाजी आमच्या कांदा-लसणाच्या भाजीपेक्षा चविष्ट होती, मी दुसऱ्या दिवसापासून गुपचूप तिथूनच वाढून घेत होते. जैन, उपास, डायबेटिस काही असेल तर बुकिंग करतानाच सांगा आणि चढल्यावर डायनिंगच्या मॅनेजरला तोंडी परत सांगा, कारण फॉर्मवर लिहिलेलं किचनपर्यंत पोचतंच असं नाही, आमचं पोचलं नव्हतं. पण सांगितल्यावर त्यांनी सासूबाईंसाठी उकडलेला बटाटा, दही, दाण्याचं कूट नाही म्हणून काजू, आणि फळं असं ताट आणून दिलं, सैंधवाची छोटी वाटी सकट. मागवलेलं नव्हतं. वेटर गोव्याचा होता, म्हणाला "आमच्या घरीपण करतात ना." तिथे मी एक स्टार वाढवला.

पोळीचं मात्र विसरा. जहाजावर किचनमध्ये गॅस नसतो, उघडी आग नकोच म्हणून सगळं विजेवर, त्यामुळे जाळावर टम्म फुगलेला फुलका मिळायचा नाही. रोट्या बनतात त्या तव्यावरच्या, आणि बफेच्या डब्यात वाफेत पडून चामड्यासारख्या होतात. डायनिंग हॉलला गरम मागा, दोन मिनिटं थांबा, बऱ्या मिळतात. भात आपला बरा. मासे? समुद्रात जातोय म्हणून आम्ही सगळे पापलेटच्या स्वप्नात, तर मिळाला तो कसला तरी पांढरा फिलेट, त्यावर लिंबाचं सॉस, त्याला ना काटा ना वास. सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी एक घास खाल्ला आणि विचारलं, "हा मासा पाण्यातला की फ्रीजमधला?" सकाळच्या बफेला इडली-डोसा-पोहे-उपमा, शिवाय ब्रेड, अंडी, ती सगळी परदेशी खेकसणारी सॉसेजं. पोहे सुके. डोसा घेताना काउंटरवर थांबून समोर करून घ्या, थाळीत रचलेला उचलू नका. रांग साडेआठ ते साडेनऊ भयंकर, आठच्या आत जा किंवा साडेनऊनंतर. बफेच्या दारात एक मुलगी हातावर सॅनिटायझर मारायला उभी असते, तिला चुकवून आत पळू नका, शिवाय साबणानेही हात धुवा, बोटीवर पोटाचा आजार सुटला तर चारशे पायऱ्या वर-खाली सगळीकडे पसरतो, जगभरात या गोष्टीने मोठमोठ्या बोटी हैराण झाल्यात.

चहा. हा वेगळा परिच्छेद लागतोच. बफेच्या मशीनचा चहा फुकट आणि तसाच. कॅफेतला कडक मसाला चहा पैशाने, आणि त्याच्या दरात दादरला दोघांची मिसळ लस्सीसकट होते. नवऱ्याने पहिल्या दिवशी कार्ड पुढे केलं, दुसऱ्या दिवशीही केलं, पैसे दिसत नाहीत ना त्यामुळे लागतंच नाही काही. शेवटी खोलीतल्या टीव्हीवर बिल बघितलं तेव्हा चहाचे आकडे वाचून गप्प बसला. हा मगाशी म्हटलं तो कार्डाचा डेंजर. रोज रात्री टीव्हीवर किंवा रिसेप्शनला आपलं बिल बघत जा. सॉफ्ट ड्रिंक, ताजा ज्यूस, दारू, फोटो, स्पा, सगळं त्यावर चढतं आणि सर्व्हिस चार्ज वेगळा. शिवाय ग्रॅच्युइटी, म्हणजे स्टाफची टिप, म्हणून माणशी रोजची रक्कम आपोआप लागते, ती तिकिटात धरलेली आहे की नाही ते बुकिंगवाल्याकडून लेखी घ्या. आमच्या एजंटने "सगळं इन्क्लुडेड" म्हटलं होतं, इन्क्लुडेड नव्हतं.

भाऊजींनी दारूचं पॅकेज घेतलं होतं, तीन दिवस हवं तेवढं. आणि पहिल्याच संध्याकाळी त्यांना बोट लागली. आता जहाजाला खाली माशाच्या परांसारखे स्टॅबिलायझर असतात, हलणं बरंच कमी होतं, बाकी कोणाला काही झालं नाही, पण ते ग्लास हातात घेऊन खिडकीशी बसले आणि क्षितिज वर-खाली बघत राहिले. तीन दिवसांत बिचाऱ्यांनी त्या पॅकेजवर लिंबू सोडा प्यायला. त्रास होण्याची शक्यता असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी आधी घ्या, उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही, आणि केबिन घेताना मधली आणि खालच्या डेकवरची घ्या, ती सगळ्यात कमी हलते. बाल्कनीची वरची, टोकाची केबिन महाग आणि तीच जास्त झुलते. पावसाळ्यात आपल्या बाजूला जाऊच नका, अरबी समुद्र तेव्हा कोणाचं ऐकत नाही, सीझन म्हणजे दिवाळीच्या आसपासपासून उन्हाळ्यापर्यंत.

सुटायच्या आधी मस्टर ड्रिल होतं, म्हणजे संकट आलं तर काय करायचं याची तालीम. भोंगा वाजतो, सात छोटे आणि एक लांब, मग सगळ्यांनी आपापल्या ठरलेल्या जागी जायचं, लाइफ जॅकेट कसं घालायचं ते दाखवतात. लोक कंटाळतात, सेल्फी काढतात, एक बाई तर "आम्ही चहा घेतोय, नंतर येतो" म्हणत होती. नंतर नाही होत. २०१२ साली इटलीत कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आपटली तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या कितीतरी लोकांचं ड्रिल झालेलंच नव्हतं, त्यानंतर नियम कडक केले की सुटायच्या आधी किंवा सुटल्या सुटल्या ड्रिल झालंच पाहिजे. सासूबाई सगळ्यात पुढे उभ्या, मन लावून ऐकत. त्यांच्या लहानपणी घरात रामदास बोटीचं नाव निघालं की बायका गप्प व्हायच्या, १७ जुलै १९४७ ला रेवसला जाताना बुडाली ती, सहाशेच्या वर माणसं गेली. त्या जॅकेटचा पट्टा त्यांनी दोनदा बांधून बघितला.

बोट सुटते तेव्हा खोलीत बसू नका, बफेला बसू नका, वरच्या डेकवर या. उजव्या हाताला आधी गेटवे आणि ताज, मग कुलाबा, आणि कुलाब्याच्या टोकाला प्राँग्जचा दीपस्तंभ, १८७५ चा, एकटाच पाण्यात. पुढे डावीकडे खांदेरी. आपण आयुष्यभर मरीन ड्राइव्हवरून समुद्राकडे बघतो, समुद्रातून मुंबईकडे बघायला मिळतं ते हे पाऊण तास. डीजे मात्र कर्कश्श, कोणीतरी त्याला सांगायला हवं की दर वेळी स्पीकर फोडायची गरज नसते.

करमणुकीचं म्हणाल तर रोज एक कागद मिळतो, कधी काय कुठे. तो फ्रिजवर नाही, त्या लोखंडी भिंतीला मॅग्नेटने लावा. तांबोला, कराओके, डान्स क्लास, पूलवर खेळ, मुलांसाठी वेगळी जागा, रात्री थिएटरात मोठा शो. पहिल्या रात्री बॉलिवूड डान्स शो, कपडे झकास, नाचणारी पोरं चांगली, गाणी अर्थात रेकॉर्डेड. आमच्या बोटीचं थिएटर अगदी पुढच्या टोकाला होतं, तिथे हलणं जास्त जाणवतं, मी एका मुलीला बघत होते, एका पायावर गिरकी घेताना बोट कलली आणि तिने गिरकीतच तोल असा सावरला की कोणाला कळलंही नाही. त्याला मी टाळ्या वाजवल्या, बाकीच्यांनी शेवटी वाजवल्या. जादूगार ठीक, दोन युक्त्या मुलांच्या वाढदिवसाला बघितलेल्या. कॉमेडीवाला सगळा हिंदीतून, विनोद नवरा-बायकोचे, सासूबाईंनी विचारलं याचं लग्न झालंय का. आठच्या शोला पावणेआठला जाऊन बसा, नंतर खांबाच्या मागची जागा मिळते.

कसिनो आहे. पण बंदरात असताना बंद. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर, आपली हद्द, ती ओलांडली की रात्री त्याचे दिवे लागतात आणि लिफ्टजवळ अचानक गर्दी होते. नवरा "फक्त बघायला" गेला. मी काही लिहीत नाही.

तर संकष्टीची रात्र. साडेआठला शो अर्धा सोडून सासूबाई उठल्या, म्हणाल्या चंद्र बघायला जाते. मी गेले बरोबर. गोव्याला जाताना किनारा डाव्या बाजूला म्हणजे पूर्व तिकडे, चंद्र तिकडूनच येणार. आम्ही डाव्या डेकवर. आपल्याकडे मुलुंडला काय होतं, कॅलेंडरमधली चंद्रोदयाची वेळ होऊन गेली तरी समोरच्या टॉवरमागून चंद्र बाहेर यायला अर्धा तास जातो, गच्चीवर जाऊन शेजारणीला फोन करायचा तुमच्याकडे दिसला का. इथे पुढे काहीच नाही, फक्त काळं पाणी. कॅलेंडरच्या वेळेला काहीच दिसलं नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं, खाली साडेनऊच्या पंगतीची घंटा होणार, पूलवर डीजे, आणि या बाई रिकामा लाडवाचा डबा घेऊन उभ्या, त्यात दोन फुलं आणि हळदकुंकवाची पुडी, ती बरी सिक्युरिटीतून सुटली. मग धुरकट पट्ट्यातून लाल, वाकडा, भाकरीचा तुकडा असावा तसा आला. त्यांनी हात जोडले, फूल पाण्यात टाकायला निघाल्या, मी म्हटलं आई नको, समुद्रात काही टाकायचं नाही असा बोर्ड आहे, तेव्हा फूल परत डब्यात. शेजारी एक राजस्थानी जोडपं होतं, त्यांनी काय चाललंय विचारलं, मग तेही थांबून बघत राहिले. साडेनऊची घंटा झाल्यावर आम्ही पळत खाली, आणि ते बटाटा-दह्याचं ताट समोर आलं. त्या ट्रिपमधलं माझ्या मते सगळ्यात चांगलं जेवण तेच.

गोव्याबद्दल फार नाही लिहीत. मुरगाव बंदरात लागते, वास्कोजवळ, तिथून टॅक्सी, टॅक्सीवाले बंदराच्या बाहेर जास्त स्वस्त. परत यायची वेळ जी सांगतात ती बोट सुटायची नाही, चढायची असते, उशीर झाला तर बोट थांबत नाही. आमच्यातले बाकीचे फिरायला गेले, मी आणि सासूबाई बोटीवरच राहिलो आणि ते फार बरं केलं, अख्खं जहाज रिकामं, पूलमध्ये मी एकटी, बफेला रांग नाही, डोसा गरम. ज्यांना गोवा आधी दहा वेळा झालाय त्यांनी हेच करा.

तक्रारी. लिफ्ट अपुऱ्या, जेवणाच्या वेळी दहा मिनिटं. सकाळी आठ वाजता स्पीकरवर घोषणा, तीही केबिनच्या आत, रात्री दोनला झोपलेल्या माणसाला तांबोल्याचं काय घेणं. बाथरूमच्या शॉवरचा पडदा अंगाला चिकटतो, नळाचा दाब कमी, आणि ब्रोशरमधला फोटो रुंद लेन्सने काढलाय हे आत गेल्यावर कळतं, आम्ही तिघं होतो तर एकाने बाथरूममध्ये जायचं, दुसऱ्याने बेडवर बसायचं, तिसऱ्याने बाहेर उभं राहायचं. फोटोग्राफर प्रत्येक वळणावर कॅमेरा घेऊन उभे, फोटो काढून देतात पण प्रत फुकट नाही. फोन जहाजाचं सॅटेलाइट नेटवर्क पकडतो आणि त्याचे दर घाम फोडणारे, त्यामुळे किनारा सुटला की फ्लाइट मोडवर टाका, लेकीने हे ऐकून घेतलं नाही आणि त्याचं बिल अजून घरात चर्चेत आहे. शेवटच्या दिवशी बिलावर दोन लाइम सोडे आमच्या नावावर होते जे आम्ही प्यायलोच नाही, रिसेप्शनला अर्धा तास रांग लावून काढून घेतले. पण बोलल्या सगळ्या मुली शांत, चिडल्या नाहीत. केबिन साफ करणारा पोरगा तर गादीवर टॉवेलचा हत्ती करून जायचा, सासूबाईंनी तो मोडू दिला नाही, शेवटच्या दिवसापर्यंत त्यांनी अंग पुसायला नणंदेचा टॉवेल वापरला.

एवढं करून परत जाईन का, तर हो, पण दोन रात्रींची नको, तीनचीच, आणि आधी पॅकेज-बिकेज न घेता. पाचपैकी साडेतीन, जैन काउंटर आणि त्या गोव्याच्या वेटरमुळे.

आणि हो, शेवटच्या रात्रीचं. मोठ्या बॅगा आदल्या रात्री खोलीबाहेर ठेवायच्या असतात, बोटीवाले उचलून नेतात आणि सकाळी टर्मिनलवर मिळतात. नियम असा की उद्या सकाळी जे घालायचं ते बाहेर ठेवायचं, बाकी सगळं बॅगेत. मी सगळ्यांना दोनदा सांगितलं. नवऱ्याने शिस्तीत सगळं भरलं, बॅग बाहेर ठेवली, रात्रीची शॉर्ट घालून झोपला. सकाळी उठला तर हातात एक हँगर, त्यावर ब्लेझर, तो चुरगळू नये म्हणून बाहेर ठेवलेला. बाकी सगळ्या पँटी बॅगेत, बॅग खाली गेलेली. बॅलार्ड पियरला सकाळी आठ वाजता माझा नवरा वर नेव्ही ब्लू ब्लेझर, सोन्याची बटणं, आणि खाली पपईच्या चित्रांची बर्म्युडा अशा वेषात उतरला. सासूबाई त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "हीच का रे ती फॉर्मल नाइट?"